वेड्या राघूला विचारलेला प्रश्न

आजची गोष्ट आपल्याच वाकडमध्ये तारेवर बसणाऱ्या एका पक्ष्याची आहे, आणि पुण्यातल्या काही माणसांनी त्या पक्ष्याला विचारलेल्या प्रश्नाची. पक्ष्याला प्रश्न विचारायचा तरी कसा? त्याला आपली भाषा येत नाही, आपल्याला त्याची येत नाही. तरी त्यांनी विचारला आणि त्यानं उत्तरही दिलं. मधेमधे तुम्हालाही डोकं चालवावं लागेल, आधीच सांगून ठेवतो.

पक्षी तुम्ही पाहिलेला आहे. कस्पटे वस्तीच्या बाजूनं मुळा नदीच्या काठाकडे गेलं की विजेच्या तारेवर नाहीतर एखाद्या वाळक्या फांदीवर बसलेला असतो तो वेडा राघू. चिमणीएवढा जीव, पण रंग असा की नजर हटत नाही. अंग हिरवंगार, डोक्यावर तांबूस झाक, गळ्याखाली बारीक काळी रेघ, डोळ्यांतून आरपार गेलेली काळी पट्टी आणि त्या पट्टीत लालभडक डोळा. शेपटीच्या मधली दोन पिसं बाकीच्या पिसांपेक्षा बोटभर लांब आणि टोकाला अगदी बारीक. तारेवरून सूर मारतो, हवेतच मधमाशी धरतो, टक्कन चोच मिटल्याचा आवाज येतो, आणि स्वारी परत त्याच तारेवर, त्याच जागी. मग नीट बघा हं. मधमाशी तो तशीच गिळत नाही. आधी तिचं डोकं तारेवर आपटतो, दोनदा, तीनदा. मग तिला चोचीत फिरवून मागच्या बाजूनं धरतो आणि पोटाचं टोक तारेवर घासतो. नांगी असते ना तिथं! विष पिळून काढल्यावरच घास पोटात जातो.

मार्च लागला की यांची घरबांधणी सुरू होते. घर झाडावर नाही, मातीत. नदीकाठची उभी दरड असो, रस्त्यासाठी कापलेला मुरमाचा कडा असो, किंवा बिल्डिंगच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्याची सरळ बाजू असो, मऊ मातीची उभी कड मिळाली की झालं. नर आणि मादी दोघं चोचीनं माती उकरतात, पायांनी मागं ढकलतात, आणि हातभर नव्हे, चांगलं मीटर-दीड मीटर लांब बीळ खणतात. त्याच्या टोकाला थोडी रुंद खोली. ना काडी, ना कापूस. नुसत्या मातीवर चार-पाच पांढरी गोलसर अंडी. दोघं आळीपाळीनं उबवतात, दोघं मिळून पिल्लांना भरवतात.

आता या घराला शत्रू किती! साप, मुंगूस, घोरपड, मांजर, कावळा. दरडीला अशी भोकं पुष्कळ असतात, त्यातलं राहतं कुठलं हे शत्रूला ओळखता येत नाही. पण पक्षी चोचीत किडा घेऊन एखाद्या भोकात शिरताना त्यानं पाहिला, की पत्ता कळला. म्हणून पक्षी निरीक्षण करणाऱ्या माणसांना एक अनुभव नेहमी येतो. तुम्ही दरडीसमोर उभे आहात. वेडा राघू चोचीत चतुर धरून तारेवर आला आहे. पिल्लं आत भुकेली आहेत. आणि हा पठ्ठ्या आत जातच नाही! तारेवर इकडे सरकतो, तिकडे सरकतो, घिरटी घालतो, परत येऊन बसतो. तुम्ही निघून गेलात की सर्रकन आत.

पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात मिलिंद वाटवे नावाचे प्राध्यापक होते. शिकवायचे सूक्ष्मजीवशास्त्र, पण निसर्गात जे दिसेल त्याला प्रश्न विचारायची त्यांना आवड. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या रोजच्या अनुभवावर बोट ठेवलं. पक्षी माणसाला भितो, यात नवीन काही नाही. पण तो नेमका कशाला भितो? माणूस जवळ आहे म्हणून? की माणसाला आपलं बीळ दिसतंय, हे त्याला कळतं म्हणून?

दुसरी गोष्ट खरी असेल तर ती केवढी मोठी आहे बघा. तारेवरून पक्ष्याला दरडही दिसते आणि माणूसही दिसतो. पण माणूस जिथं उभा आहे तिथून काय दिसतं, हे ओळखायला मनानं माणसाच्या जागी जाऊन उभं राहावं लागतं. हे तुम्हाला येतं. लपंडाव खेळताना तुम्ही तेच करता. पण अगदी लहान मुलाला येत नाही. ते आपले डोळे झाकतं आणि आपण कुणाला दिसत नाही असं समजतं. मग चिमणीएवढ्या पक्ष्याला ते येत असेल?

धाकट्या, तुझा हात वर आहे. बोल.

‘आजोबा, आपण लांब उभं राहायचं आणि मग जवळ जायचं. लांब असताना तो आत गेला तर…’

तर काय कळलं? लांबून माणसाला बीळ नीट दिसत नाही, हे खरं. पण लांबचा माणूस कमी धोक्याचा, हेही खरं. पक्षी आत गेला तर यातल्या कुठल्या कारणानं गेला? दोन्ही कारणं एकत्र बदलली, त्यामुळे उत्तर काही हाती लागलं नाही. तुझी चूक नाही रे, मोठमोठी माणसं इथंच अडखळली आहेत. त्यांची एक गोष्ट आधी सांगतो, मग वेड्या राघूकडे परत येऊ. ती गोष्ट कळली की प्रयोग तुमचा तुम्हीच मांडाल.

चिंचवडचा चापेकर वाडा तुम्हाला माहीत आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगानं १० मार्च १८९७ ला गेल्या. हा रोग कुठल्या जंतूमुळे होतो ते तोवर कळलेलं होतं. १८९४ मध्ये हाँगकाँगला यर्सिननं तो जंतू शोधला होता. पण जंतू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो कसा, हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे हवेतून, कुणी म्हणे जमिनीतून, कुणी म्हणे घाणीतून, कपड्यांतून, रोग्याच्या स्पर्शातून. आणि जे माहीत नाही त्यावर सरकारनं उपाय सुरू केला. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख होता रँड. गोरे सोजीर घराघरांत शिरले, माजघर-देवघर काही न बघता. सामान बाहेर काढून जाळलं, माणसं ओढून नेली. लोक संतापले. चिंचवडच्या दामोदर चापेकरांनी आणि त्यांच्या भावांनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडचा सूड घेतला. हा इतिहास तुम्ही शाळेत शिकता. त्यातली एक गोष्ट मला नेहमी टोचते. ज्या घरांत सामान जाळलं, त्या घरांच्या आढ्यांवरून आणि बिळांतून उंदीर मात्र निवांत फिरत होते.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत एक साधा प्रयोग केला. एका मोठ्या काचेच्या बरणीत प्लेग झालेला उंदीर ठेवला, अंगावर पिसवा असलेला. मग त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात घालून निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसू जाळीतून जाऊ शकेल. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगनं मेला. सिमाँ म्हणाला, पिसू रोग नेते. पुष्कळांनी त्याची थट्टाच केली. आणि खरं सांगायचं तर एक शंका रास्त होती. बरणीतली हवा दोन्ही उंदरांना एकच होती ना? मग हवेनं रोग नेला नाही कशावरून?

उत्तर आपल्या मुंबईतल्या परळला मिळालं. १९०५ मध्ये तिथं प्लेगच्या संशोधनासाठी मंडळ बसलं. जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्रयोगशाळा होती. आज तिथं हाफकिन संस्था आहे. त्यांनी छोट्या छोट्या खोल्या बांधल्या आणि त्यांत गिनिपिग ठेवले, काही आजारी, काही निरोगी. ज्या खोल्यांत पिसवा होत्या तिथं निरोगी गिनिपिग पटापट आजारी पडले. ज्या खोल्यांत पिसवा शिरू दिल्या नाहीत तिथं आजारी आणि निरोगी जनावरं एकत्र राहिली, एकाच घाणीत लोळली, तरी रोग पसरला नाही. आजारी आयांचं दूध प्यालेली पिल्लंसुद्धा वाचली! मग आणखी एक युक्ती. पिसवांनी भरलेल्या एकाच खोलीत काही गिनिपिग जमिनीवर ठेवले, काहींचा पिंजरा जमिनीपासून दोन इंच वर ठेवला, आणि काहींचा दोन फूट वर टांगला. उंदरावरची पिसू उडी मारून मारून चार-एक इंच उंच जाते. बोला, कोण आजारी पडलं?

‘जमिनीवरचे आणि दोन इंचांवरचे!’

बरोब्बर. आणि दोन फुटांवरचे वाचले. खोली तीच, हवा तीच, वास तोच, खाणं तेच. फरक एकच, पिसू पोचते की नाही. हवेतून रोग येत असता तर टांगलेल्यांनाही झाला असता. ज्या घरांत प्लेगनं माणसं गेली होती तिथंही त्यांनी पिंजऱ्यांच्या जोड्या नेऊन ठेवल्या. एक पिंजरा उघडा, दुसऱ्याला पिसू शिरणार नाही अशी बारीक जाळी. उत्तर तेच आलं.

माझा सगळा जन्म पिंपरीच्या कारखान्यात गेला, त्यामुळे मला हे लगेच पटतं. लेथवर पार्ट मापात बसेनासे झाले की नवखा माणूस घाईघाईनं टूल बदलतो, कूलंट बदलतो, स्पीडही कमी करतो. माल नीट यायला लागतो आणि तो खूश. पुढच्या महिन्यात तोच त्रास परत उभा, कारण कशानं सुधारलं होतं ते कुणालाच ठाऊक नसतं. जुना फोरमन एकच गोष्ट बदलायचा, दहा पार्ट काढून मोजायचा, मगच दुसरीला हात लावायचा. वेळ जास्त लागायचा, पण दुखणं कायमचं जायचं.

आता परत मुळेच्या काठी या. दरड आहे, तिच्यात बीळ आहे, समोर तारेवर चोचीत किडा धरून पक्षी बसला आहे. माणसाच्या अंतराला हात लावायचा नाही. फक्त एकच गोष्ट बदलायची, त्याला बीळ दिसतं की नाही. कसं करशील गं थोरले?

‘माणसाला झुडपामागे उभं करायचं. म्हणजे त्याला बीळ दिसणार नाही.’

पण मग पक्ष्यालाही माणूस दिसणार नाही. माणूस नाहीच असं वाटून तो आत जाईल.

‘मग झुडूप असं हवं की ते माणूस आणि बिळाच्या मधे येईल, पण माणूस आणि तारेच्या मधे येणार नाही.’

शाब्बास! अगदी हेच त्यांनी केलं. प्रत्येक घरट्याजवळ दोन जागा शोधल्या. दोन्ही बिळापासून साधारण सारख्याच अंतरावर. दोन्ही जागी उभा असलेला माणूस पक्ष्याला दिसणारच. पण एका जागेवरून माणसाला बीळ दिसायचं, आणि दुसऱ्या जागेवरून मधे काहीतरी आड आल्यामुळे दिसायचं नाही. मग माणूस कधी या जागी, कधी त्या जागी उभा राहायचा आणि पक्षी आत शिरतो की नाही हे नोंदवायचं. बस्स. ना यंत्र, ना प्रयोगशाळा. कागद, पेन्सिल, घड्याळ आणि उन्हात उभं राहायची तयारी.

मला या प्रयोगाचं सौंदर्य कुठं दिसतं सांगू? उत्तर येण्याआधीच, कुठल्या उत्तराचा काय अर्थ, हे ठरून गेलेलं होतं. पक्षी नुसता माणसाला भीत असेल, तर दोन्ही जागी त्याचं वागणं सारखं असायला हवं. बीळ दिसण्याला भीत असेल, तर आडोशाच्या जागी तो जास्त वेळा आत जायला हवा. निकाल काहीही आला तरी काहीतरी कळणारच होतं. ज्या प्रयोगात आपलं म्हणणं खोटं ठरायला जागाच नसते, त्यात उन्हात उभं राहून उपयोग नाही.

निकाल काय आला? आडोशाच्या जागी माणूस असताना पक्षी जास्त वेळा आत गेले. माणूस समोर दिसतोय, अंतर तेवढंच आहे, तरी गेले. १९९९ मध्ये त्यांनी हा प्रश्न ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात मांडला.

आता तुम्ही टाळ्या वाजवाल आणि गोष्ट संपली म्हणाल. पण थोरली गप्प बसली आहे. काय गं?

‘आजोबा, पण आडोशाच्या जागी माणूस असला, तर पक्षी बिळाच्या तोंडाशी आल्यावर त्यालाही माणूस दिसणार नाही ना? झुडूप दोन्ही बाजूंनी आडवं येतं. मग तो माणसाला काय दिसतं याचा विचार करून आत गेला कशावरून? त्याला बिळाजवळून माणूस दिसला नाही, म्हणून भीती वाटली नाही. तेवढंच असेल.’

बघा! ही शंका म्हणजे विज्ञानाचा जीव आहे. आपल्या लाडक्या उत्तराला दुसरं, त्याहून साधं उत्तर सापडतंय का, हे स्वतःच शोधायचं. आणि सापडलं, तर दोन्हींना वेगळं पाडणारा नवा प्रयोग मांडायचा. वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तेही केलं. या वेळी आडोसा काढूनच टाकला. माणूस उघड्यावर उभा, तारेवरूनही दिसणारा, बिळाजवळूनही दिसणारा. बदलली एकच गोष्ट, माणसाची नजर. कधी तो बिळाकडे बघायचा, कधी दुसरीकडे.

‘पाठमोऱ्या माणसाची भीती कमीच वाटणार,’ असं धाकटा म्हणेल. बरोबर आहे, पुष्कळ प्राण्यांना आपल्यावर रोखलेले डोळे आवडत नाहीत. तेवढ्यासाठी मनबिन काही लागत नाही. म्हणून इथं फार बारकाईनं काम केलं आहे, नीट ऐका. माणसाच्या नजरेची दिशा आणि बिळाची दिशा यांच्यात किती कोन आहे, ते पाहिलं. आणि माणसाच्या नजरेची दिशा आणि तारेवर बसलेल्या पक्ष्याची दिशा यांच्यात किती कोन आहे, तेही पाहिलं. दोन वेगवेगळे कोन. माणूस पक्ष्याकडे टक लावून बघत असेल आणि बीळ त्याच्या नजरेबाहेर असेल, असं होऊ शकतं. उलटंही होऊ शकतं. पक्ष्याला नुसती आपल्यावर रोखलेल्या डोळ्यांची भीती असेल, तर पक्ष्याकडचा कोन महत्त्वाचा ठरायला हवा. घराचा पत्ता फुटण्याची भीती असेल, तर बिळाकडचा.

बिळाकडचा कोन महत्त्वाचा ठरला. नजर बिळापासून जितकी दूर वळलेली, तितकी पक्षी आत जाण्याची शक्यता जास्त. पक्ष्याकडच्या कोनानं फरक पडल्याचं दिसलं नाही. म्हणजे माणूस थेट आपल्याकडे बघतोय की नाही, याची त्या जिवाला फिकीर नव्हती; तो पिल्लांच्या दाराकडे बघतोय का, याची होती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. २००२ मध्ये ‘ॲनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात हे काम छापून आलं.

हा प्रश्न जगात मोठ्या दिमाखानं विचारला गेला होता तो १९७८ मध्ये, अमेरिकेत, डेव्हिड प्रीमॅक आणि गाय वुड्रफ या शास्त्रज्ञांकडून, आणि तोही चिंपांझीबद्दल. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे चिंपांझीला कळतं का? चिंपांझी म्हणजे आपला जवळचा नातेवाईक. त्याच्याबद्दलच शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षं वाद चालू राहिला. आणि इथं आपल्या पुण्याच्या माळावरचा एक इवलासा पक्षी त्या रांगेत येऊन उभा राहिला.

पण वाटवे आणि त्यांचे सहकारी ‘पक्ष्याला माणसासारखं मन आहे’ असं ठोकून देत नाहीत, याकडे लक्ष द्या. त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच जपून लिहिलं आहे: शत्रूला काय दिसू शकतं, त्याला वेडे राघू प्रतिसाद देतात. जेवढं दिसलं तेवढंच. हे जपणं का लागतं, त्याची जर्मनीतली एक गोष्ट आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. तीन अधिक चार विचारलं की खूर सात वेळा आपटायचा आणि थांबायचा. मालक लबाड नव्हता, त्याचा मनापासून विश्वास होता. मोठमोठे विद्वान बघून गेले, कुणाला फसवणूक सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या तरुणानं एकच गोष्ट बदलली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली. झालं! हान्स गोंधळला. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असलं, की योग्य आकड्याला त्याचं डोकं अगदी किंचित हलायचं, त्याच्या स्वतःच्याही नकळत. घोडा तेवढं बघून थांबत होता. फुंग्स्टनं हे १९०७ मध्ये लिहून ठेवलं. घोड्याची हुशारी काही कमी नव्हती, पण ती गणितातली नव्हती.

म्हणून निरीक्षण करणाऱ्याला आपल्याला हवं तेच दिसू लागतं, हा धोका सतत मनात ठेवावा लागतो. पक्षी ‘आत गेला’ म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवायचं. नुसता दरडीपर्यंत आला ते मोजायचं नाही, पूर्ण आत शिरला तरच मोजायचं. आधी सगळे उघड्यावरचे प्रयोग आणि मग सगळे आडोशाचे, असं करायचं नाही. तोवर पिल्लं जास्त भुकेली होतात किंवा पक्षी माणसाला सरावतो, आणि फरक कशामुळे पडला ते कळत नाही. जागा उलटसुलट क्रमानं घ्यायच्या. आणि एका घरट्यावर कधीही विश्वास टाकायचा नाही. सगळे वेडे राघू सारखे नसतात. पुण्यातल्या त्या अभ्यासातही हे ठळकपणे दिसलं की शत्रू कुठं आहे आणि कुठं बघतो आहे, यावर लक्ष ठेवायची प्रत्येक पक्ष्याची तऱ्हा निराळी. एकाच धीट जोडप्याला बघून तुम्ही साऱ्या जातीबद्दल निकाल दिलात, तर तो जातीचा निकाल होत नाही, त्या जोडप्याचा होतो.

आता तुमचं काम. मला पडलेला एक प्रश्न तुम्हाला देतो. दोन माणसं आहेत. एकानं काल बिळाजवळ जाऊन ते नीट पाहिलं आहे. दुसरा पहिल्यांदाच येतो आहे. आज दोघंही आडोशाच्या जागी उभे राहिले, म्हणजे दोघांनाही आज बीळ दिसत नाही. वेडा राघू या दोघांत फरक करेल का? हा प्रयोग कसा मांडाल ते मला रविवारपर्यंत लिहून दाखवा. कपडे सारखे हवेत की वेगळे? उंची? कोण आधी उभा राहील? ‘नाही, फरक करत नाही’ असं उत्तर यायला प्रयोगात जागा ठेवली आहे का? मी एवढंच तपासणार आहे.

आणि प्रत्यक्ष करायचा तर माझ्या अटी ऐका. बिळाच्या तोंडाशी जायचं नाही, आत काडी घालायची नाही, फ्लॅश मारायचा नाही. तुम्ही उभे असेपर्यंत आत पिल्लं उपाशी असतात, तेव्हा चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही आणि मग बराच वेळ तिकडे फिरकायचं नाही. अंडी असताना तर प्रयोगच नको. वाटवे यांचे विद्यार्थी मोठे होते आणि त्यांच्या सोबत शिक्षक होते. तुमच्यासोबत मी येईन.

एक सांगणं तुमच्या आईबाबांसाठी आणि शेजारपाजारच्या मोठ्यांसाठीही आहे. भूमकर चौकापासून मुळेच्या काठापर्यंत आपल्या भागात सगळीकडे खोदकाम चालू आहे. इमारती आहेत, रस्ते आहेत, नदीकाठाची कामं आहेत. मार्च ते जून या काळात एखाद्या खड्ड्याच्या उभ्या कडेत दोन-अडीच इंच रुंदीची गोल भोकं दिसली आणि समोर तारेवर हिरवा पक्षी चोचीत किडा धरून थांबलेला दिसला, तर साइटवरच्या सुपरवायझरला जाऊन सांगा की तेवढी एक कड शेवटी पाडा. अंडं घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण दीड महिना लागतो. तेवढे दिवस जेसीबी दुसऱ्या बाजूला चालवता येतो.